चहा होईपर्यंत

"बस. किटली ठेवली आहे," एम्बारका म्हणाली.

लहबीब तंबूच्या दारात थबकला. त्याच्या खांद्याला पाण्याची पिशवी होती. "आई, बाबा पहाटे उंटीण शोधायला गेले, अजून पत्ता नाही. आणि मी चहा पीत बसू?"

"तीन पेले घे. मग जा."

किटली शेगडीवर चढली की तिसरा पेला पिऊन होईपर्यंत उठायचं नाही. उठणं म्हणजे ओतणाऱ्या हाताचा अपमान. लहबीबने परक्याच्या तंबूतही हे मोडलं नसतं. इथे तर आई होती. तो दातओठ खात बसला.

बाहेर हमादाचा दगडाळ माळ रटरटत होता. छावणीतली कुत्री पाण्याच्या टाक्यांखाली शिरली होती. टाकीच्या नळाला हात लावला तरी फोड येत होता. एम्बारकाने ओढणी भिजवून दाराला टांगली. ती बघता बघता वाळून कडक झाली.

खांबाला थोरल्या भावाचा, सालेकचा फेटा लटकत होता. तीन उन्हाळ्यांपूर्वी सालेक अशाच दुपारी शेळ्या शोधायला गेला होता. शेळ्या परत आल्या.

"झाला का?"

"होतोय."

तिने पेले धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पुदिन्याचं एकेक पान खुडलं.

"लग्नाचा चहा आहे का हा?" लहबीब खेकसला. "तिकडे बाबांचा जीव..."

"तुझ्या बाबाला वाळवंट कळतं. तुला नुसतं ओरडणं कळतं. बस खाली."

त्याने किटलीला हात लावला. चटका बसला. तो बोटं फुंकत खाली बसला. एम्बारकाचं मात्र किटलीकडे लक्ष नव्हतं. ती दाराच्या फटीतून टाकीची सावली बघत होती. हातातल्या जपमाळेचे मणी ती भरभर ओढत होती.

सावली शेजारच्या तंबूला टेकली तेव्हा लहबीब ताडकन उठला. "पुरे! अपमान तर अपमान!" त्याने दारावरची ओढणी ओढून काढली आणि तिथेच थांबला. दूर माळावर एक वशिंड डुलत होतं. शेजारी त्याचा वाकलेला म्हातारा बाप उंटिणीला शिव्या घालत चालला होता.

म्हातारा आला. घोटघोट पाणी प्याला. "तिच्याच सावलीत पडून होतो, ऊन उतरेपर्यंत," तो म्हणाला. "असल्या उन्हात कोण गाढव चालतं?" मग चटईवर पाय पसरून त्याने हात पुढे केला. "चहा आण."

"व्हायचाय," लहबीब म्हणाला.

"दुपारपासून बसलात आणि अजून चहा नाही?"

लहबीबने वाकून शेगडीत फुंकर मारली. राख उडाली. खाली कोळसे काळेच्या काळे, अख्खे होते. एकालाही विस्तव लागला नव्हता; किटली तापली होती ती नुसत्या उन्हाच्या झळांनी. त्याने आईकडे पाहिलं.

एम्बारका खांबावरच्या फेट्याकडे बघत होती.

"सालेक गेला त्या दिवशी," ती म्हणाली, "माझा चहा लवकर झाला होता."