उसनी शीर

आरोग्य संचालक साहेब, सीटी स्कॅनचा खरा फोटो पुसून टाकायचा हुकूम तुम्हीच काढलात. धूसर फोटो बघून लोक घाबरतात म्हणे!

त्या दुपारी जिल्हा रुग्णालयात भिकाजी लोणारेंना सीटी स्कॅनच्या यंत्रात सरकवलं. जेवताना त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. मेंदूची शीर कुठे तुंबली ते दिसलं, तरच डॉक्टर गुठळी काढणार होते. फोटो चालू असताना भिकाजींना ठसका लागला आणि मान हलली.

"परत काढा की," त्यांची बायको कलावती म्हणाली.

"गरज नाही, मावशी," तंत्रज्ञ सुरवसे म्हणाला. "पूर्वी आम्ही ओरडायचो, हलू नका म्हणून. आता पेशंट नाचला तरी फोटो स्वच्छ येतो."

पडद्यावर शीर लख्ख उमटली. अडथळा कुठेच नव्हता. डॉक्टरांनी गुठळीचा विचार सोडून दिला. संध्याकाळपर्यंत भिकाजी डोळेही उघडेनात.

कलावतीने सुरवसेला दारातच अडवलं. "शीर मोकळी होती ना रे? मग माणूस का चाललाय माझा?"

सुरवसे खाली बघत म्हणाला, "हललेल्या जागी यंत्र लाखो निरोगी डोक्यांवरून अंदाजाने शीर भरतं, मावशी. खरा फोटो लगेच पुसला जातो. आम्हालाही दिसत नाही."

"म्हणजे माझ्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्याची शीर दाखवलीत? मेल्यांनो!"

दुसऱ्या दिवशी भिकाजी गेले. शवविच्छेदनानंतर कागदावर लिहून आलं, मृत्यूचं कारण मेंदूची शीर तुंबणे, फोटोचा दर्जा उत्तम. तो कागद घेऊन कलावती तुमच्या कचेरीसमोर बसली आहे. फोटोतली ती शीर कुणाची होती? बाहेर या आणि तिला सांगा.