तीस पावलांची चूक

चाळीस वर्षं जमिनी मोजलेल्या बाबांनी निवृत्तीनंतर माळरानावर डबा लपवला, आत वही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवरच्या शोधखेळात टाकले. डबा सापडला की वहीत सही करायची. काल तक्रार आली: “डबा सापडत नाही.” आज मोबाईलनं आम्हा दोघांना नेलं तिथं नुसतं गुडघाभर गवत होतं, डबा तीस पावलं पुढं दगडाखाली निघाला. “चष्म्याशिवाय आकडे टाकलेत ना, बाबा?” मी विचारलं. “डबा घरी नेऊ,” बाबा म्हणाले. “मोजणीदाराची शोभा झाली तेवढी पुरे.” मी वही उघडून मोठ्यानं वाचली. सतरा सह्या होत्या. पहिल्यानं लिहिलं होतं, “आकडे चुकलेत, पण शोधताना ससा दिसला.” दुसऱ्याला निळी फुलं सापडली होती. शेवटची नोंद परवाची: “गवतात चंडोल पक्ष्याचं घरटं, तीन अंडी.” “मग आकडे दुरुस्त करायचे?” मी विचारलं. बाबा गवतात वाकले होते. “हळू बोल. घरटं इथंच कुठंतरी असेल.”