शिट्टीचं उत्तर

गॉडफ्रे वारल्यापासून त्याच्या घरी जायची हिंमत जितेशला होत नव्हती. महिन्यानं एका दुपारी तो वाडीच्या फाटकाशी आला आणि सवयीनं त्याच्या तोंडून शिट्टी निघून गेली. शाळेपासूनची खूण होती ती: याची एक लांब शिट्टी, घरातून उत्तरादाखल दोन आखूड, आणि मग गॉडफ्रे बाहेर. पुढे दोघांची लग्नं झाली, जितेश एव्हरशाईनच्या वसाहतीत राहायला गेला, तरी उत्तर कधी चुकलं नाही. फक्त गॉडफ्रेला यायला उशीर व्हायचा, कारण मुलांना भरवल्याशिवाय आणि आईच्या गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे.

जितेश ओशाळून मागे फिरणार, इतक्यात घरातून दोन आखूड शिट्ट्या आल्या.

त्याच्या अंगावर काटा आला. भास असेल तर पुन्हा होणार नाही, म्हणून त्यानं मुद्दाम परत शिट्टी मारली. या वेळी काहीच आलं नाही. तो धावतच ओट्यावर चढला. गॉडफ्रेची आई आतल्या खोलीतून बाहेर येत होती.

"मावशी, आत्ता शिट्टी कोणी मारली?"

"मीच रे. त्याला कुठे जमायची? शाळेत होता तेव्हापासून मीच मारते. तुला सांगू नको म्हणायचा, हसशील म्हणून."

भिंतीला धरून ती हळूच खाली बसली.

"आत्तापण मारली. आणि तू आलास हे त्याला सांगायला आत गेले."