गळ्यातला ळ

केली पिकली. गूल संपला. डोले दुखतात.

कर्करोगाने आवाज नेल्यापासून हिराताई यंत्राच्या गळ्याने अशाच बोलत. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ळ नव्हता. पोटची लेक बकुळसुद्धा 'बकुल' झाली होती.

"आई, खुलं सॉफ्टवेअर घालू," जावई यशोधन म्हणाला. "ते कुणीही उघडून सुधारतं."

"आणि कुणीही बिघडवतं," ताईंना तपासायला घरी आलेले डॉक्टर म्हणाले.

"फुकटची वस्तू ती," हिराताईंचे यजमान अप्पा कुरकुरले.

ताईंनी गळ्यातलं यंत्र पुढे केलं.

यशोधनचं काम झाल्यावर त्यांनी हाक मारली, "बकुळ."

बकुळ चहा उकळता सोडून धावत आली.

"पुन्हा म्हणा," डॉक्टरच म्हणाले.

"आता माझी टवाळीही स्पष्ट होणार," अप्पा हसले.

ळ ओडिया भाषेतही आहे; ओडिशातल्या एका पोस्टमनने हा ळ बराच आधी स्वतःच्या आईसाठी लिहून सगळ्यांना खुला ठेवला होता. त्याला मराठी येत नाही.