सासऱ्यांचं व्हीपीएन

"हात लावू नकोस, हे लिनक्स आहे," म्हणत दिगंबररावांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. सुनेचा लॅपटॉप सकाळीच बंद पडला होता, अकराला तिची मीटिंग होती आणि घरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन जोडल्याशिवाय ऑफिसचं काहीच उघडणार नव्हतं.

"व्हीपीएन म्हणजे काय, तर कॉम्प्युटर घरात असला तरी ऑफिसात बसल्यासारखा होतो," त्यांनी समजावलं. कंपनीचं अख्खं नेटवर्क सांभाळणारी मैथिली "हो का, बाबा?" म्हणून मटार सोलत राहिली.

कमांड काही केल्या चालेना. "ती आडवी रेघ राहिली वाटतं," ती हळूच म्हणाली. "दिसली होती मला," म्हणत त्यांनी रेघ घातली आणि पडद्याच्या कोपऱ्यात व्हीपीएन जोडल्याचं इवलंसं कुलूप उमटलं. दिगंबररावांची मान ताठ झाली.

मैथिलीची मीटिंग वेळेवर पार पडली. ती उठताच त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर मॅच लावली, तर पडद्यावर पाटी आली: कामाच्या वेळेत क्रिकेट बंद.

"माझ्याच घरात मला बंदी? कोणी घातली?"

"मीच," मटारची परात पुन्हा पुढ्यात घेत मैथिली म्हणाली. "पण घरात कुठे, बाबा? तुम्ही ऑफिसात बसलाय."