तासाभराची अंगाई

"उघडत नाहीये गं," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "नुसतंच पांढरं येतंय."

तिनं फोन खांद्यात धरून लॅपटॉप पुढे ओढला. "रडतोय का?"

"रडत नाहीये. पण तू गाणं पाठव बाई लवकर."

मागून कसलाच आवाज येत नव्हता. रडून रडून थकला असेल, तिला वाटलं.

बाळंतपणाची रजा संपून कामावर आल्याचा हा पहिलाच आठवडा. "मी सांभाळते त्याला," सासूबाई आपणहून म्हणाल्या होत्या. "ह्यांच्या ऑपरेशनपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. जागीच तर असते." पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. दुपारी तुझ्या आवाजाशिवाय काही जमत नाही म्हणून. मग तिनं अंगाई रेकॉर्ड करून क्लाउडवर ठेवली. नवऱ्याला सांगून टाकलं, "हा आठवडा बघते. नाहीच झोपला, तर नोकरी सोडते."

गाणं सरळ फोनवर पाठवायची सोय नव्हती. सासूबाईंच्या फोनवर आलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चुलत-मावस सगळ्यांकडे पोचायची, आणि तिचा गळा बेताचाच. म्हणून ऑफिसात गिऱ्हाइकांच्या फायलींसाठी ती जे करायची, तेच घरासाठी केलं. थोडासा कोड, त्यातून तासाभराचं टोकन, ते जोडलेली लिंक. सिनेमाच्या तिकिटासारखं. अमक्या वेळी सुरू, तमक्या वेळी बंद, शो संपला की नुसता कागद.

आज शो सुरूच होत नव्हता. तिनं नवी लिंक पाठवली. तीही उघडेना. टोकन बनवायची किल्ली बरोबर होती, फाइल जागेवर होती.

"राहू दे," सासूबाई पुन्हा फोनवर म्हणाल्या. "तुझं काम असेल."

ते 'राहू दे' तिला जास्तच लागलं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकला. सगळ्यांचे कोड तपासायचा म्हणून त्याला डॉक्टर म्हणत. "पेशंट कोण?"

"माझा मुलगा."

डॉक्टरनं तिची पहिली, मघाशी मेलेली लिंक सहज दाबली. बेसूर अंगाई अख्ख्या ऑफिसात घुमली. कुणीतरी टाळी वाजवली.

"ही तर उघडतेय," तो म्हणाला. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं, तिच्या पडद्याकडे पाहिलं. "काय गं, तुझं घड्याळ पुढे कसं?"

तिनं जीभ चावली. काल ऑफिसातून निघायला उशीर झाला होता. बाळासाठी कामावरून वेळेवर उठावं म्हणून आज सकाळी तिनंच लॅपटॉपचं घड्याळ पुढे करून ठेवलं होतं. टोकनवर सुरू होण्याची जी वेळ पडत होती, ती क्लाउडच्या लेखी अजून उजाडलेलीच नव्हती. पहिल्या लिंकची वेळ आत्ता कुठे झाली होती.

घड्याळ जागेवर आणलं. कोडमध्ये सुरुवातही जरा अलीकडे ओढली. नवी लिंक गेली. थोड्या वेळानं पडद्यावर नोंद उमटली. घरून उघडली. चालू आहे. तिनं खुर्चीला पाठ टेकली.

"जा घरी," डॉक्टर म्हणाला. "आजच्या दिवस तुझंच घड्याळ खरं."

घरी दार सासऱ्यांनी उघडलं. खांद्यावर बाळ, टक्क जागं, त्यांच्या चष्म्याची दोरी चघळत. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

तिचा चेहरा पडला. "म्हणजे आजही नाही झोपला?"

"हा?" सासरे कुजबुजले. "दूध प्यायला की हा आडवाच. मघाशी मस्त झोप काढून उठलाय. याला कुठलं गाणं लागतंय! हळू बोल जरा."

आतून तिचाच बेसूर आवाज येत होता. तिनं पडदा सारला.

पलंगावर, फोन कानाशी धरून, सासूबाई गाढ झोपल्या होत्या.