लढाईतला गोळा

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले मकसूदभाई अंगणात गुलाबासाठी खणत होते, तर कुदळ ठण्णकन वाजली आणि मातीतून धातूचा गोल घुमट डोकावला. खडकीच्या लढाईवर ते अख्ख्या आळीला व्याख्यानं देत. त्या लढाईतलाच न फुटलेला गोळा हा!

"नजमा, पळ! बॉम्ब आहे!" ते कसेबसे ओरडले.

नजमा धावत आली. कुंपणावरून शेजारचे कोंडीराम आणि त्यांची बायको मुक्ताई डोकावले. तिघांचे चेहरे पांढरेफटक पडले, पण पळेना कुणीच.

"अरे, मरायचंय का? पोलिसांना फोन करा!" मकसूदभाई खेकसले.

"पोलीस नकोत!" कोंडीराम घाईघाईनं म्हणाले. "मकसूदभाई, गुपचूप माती लोटा परत."

"डोकं फिरलंय का? दोन्ही घरं उडतील!"

 

"नाही उडणार," नजमा मान खाली घालून म्हणाली. "अहो, पहाटे पाचपासून तुम्ही बडवायचात ना, तो तबल्याचा डग्गा आहे तो, आम्ही तिघांनीच उपडा पुरलाय."